दोन बदामांचं पान

“तुमचा तीळ इकडं कसा काय आला?”

हे वाक्य मी बोलले. कोल्हापूरच्या गंगावेशीत, दूध कट्ट्यावर, भर संध्याकाळी, एका परक्या तरुणाला. त्याच्या हातात धारोष्ण दुधाचा ग्लास होता, वरच्या ओठावर फेसाची मिशी होती आणि शेजारी म्हैस रवंथ करत उभी होती. मी घरी न्यायला दूध घेत होते. मान वर केली, तर हा समोर! आणि तीळ डाव्या गालावर…

तो उजव्या गालावर हवा होता. मला पक्कं ठाऊक होतं. कित्येक दिवस मी तो तीळ बघत होते — तेही कामाच्या वेळेत, पगार घेऊन.

त्यानं ग्लास खाली घेतला. “काय म्हणालासा?”

“कुठं काय… काय न्हाय.”

“तीळ म्हणालासा.”

“व्हय… म्हणजे, तीळ मिळत्यात का हितं, म्हणून विचारलं.”

“दूध कट्ट्यावर?”

म्हशीनंसुद्धा माझ्याकडं बघितलं असावं. तो हसला आणि तीळ गालाबरोबर वर सरकला… फोटोत तो कधी हसलाच नव्हता. हसताना तीळ असा वर जातो, हे मला कसं कळणार?

“माझा तीळ जल्मापास्नं हितंच हाय,” तो म्हणाला. “तुमच्या मतानं कुठं पायजे होता?”

आता खरं सांगण्यावाचून सुटका नव्हती. “तुम्ही शिरोळचे ना? बहिणीचं लग्न झालं मे महिन्यात. तुमचा अल्बम माझ्याकडं हाय.”

“अल्बमवाल्या तुम्ही?” त्यानं मिशी पुसली. “मी तिकडंच निघालोय की! तीन महिने झालं. अशानं ताईचं डोहाळजेवण यील, तरी लग्नाचा अल्बम यायचा न्हाय. भांडायला आलोय मी. भांडायच्या आधी म्हटलं, जरा दूध पिऊन घ्यावं.”

असं आमचं पहिलं बोलणं झालं. तो भांडायला आला होता, आणि मी त्याच्या गालावरचा तीळ हलवून बसले होते.

आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्हाला मी वेडी वाटेन. २००७ साल. फोटो चिकटवायचे जाडजूड अल्बम तेव्हा मागं पडत चालले होते. आता फोटो कॉम्प्युटरवर पानात बसवायचे आणि अख्खं पानच छापायचं. पानं तयार यायची, डीव्हीडीवर. कोण कुठं बसून ती बनवायचं, कुणास ठाऊक. हंस, धबधबे, गुलाबाच्या पाकळ्या, मागं बर्फाचे डोंगर, आणि मध्ये फोटोसाठी मोकळ्या खिडक्या… गोल, चौकोनी, बदामाच्या आकाराच्या. त्या खिडक्यांत माणसं बसवायची, हे माझं काम. पापाच्या तिकटीजवळ एक जिना चढून वर आमचा स्टुडिओ होता. मी तिथं बसून हातकणंगल्याच्या वरातीला बर्फाच्या डोंगरातून फिरवून आणायचे.

आमच्यातल्या लग्नांना तर ही पानं मुळीच चालायची नाहीत. पानावर कलश, होमकुंड, आणि इकडं स्टेजवर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, नवरी पांढऱ्या साडीत. सायीसारख्या रंगाच्या पानावर ती पांढरी साडी विरघळूनच जायची. मी एकेक कलश पुसत बसायचे, मागचा रंग गडद करायचे. सिद्धार्थनगरातली पोरगी आहे मी, आमची नवरी पानात हरवलेली मला कशी चालेल?

स्टुडिओचे मालक जोतीरामदादा. त्यांचा एकच नियम होता. “माणूस पानाच्या आत बघाय पायजे. भाईर बघितला की पान मोडलं!” म्हणून मग डावीकडच्या खिडकीतला माणूस डावीकडं बघत असला, की एक बटण दाबायचं. फोटो आरशात धरल्यासारखा उलटा होतो आणि माणूस मुकाट्यानं आत बघू लागतो.

शिरोळच्या त्या लग्नात एक माणूस सतत डावीकडं बघत होता.

नवरीचा भाऊ, प्रसेनजीत. कधी हार घेऊन उभा, कधी पाहुण्यांना पाणी देतोय, कधी बहिणीच्या मागं… पण डोळे डावीकडं, फोटोच्या बाहेर. मी त्याला उलटा करायचे, आत वळवायचे. आणि तो आत वळला की वाटायचं, माझ्याकडंच वळला. हळूहळू तर मी मुद्दाम त्याला मोठी खिडकी द्यायला लागले. नवरा लहान चौकोनात आणि मेव्हणा मोठ्या बदामात! दादांच्या लक्षात आलं नाही, हे माझं नशीब.

आणि रोज एकच प्रश्न छळायचा. कुणाकडं बघतोय हा? कोण होतं तिथं, फोटोच्या बाहेर?

तर तो माणूस त्या दिवशी माझ्यामागून स्टुडिओचा जिना चढला. मी पानं उघडून दाखवली. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं… तिसऱ्याला थांबला.

“आमची ताई गुजरातीण कधी झाली?”

“म्हणजे?”

“पदर बघा की.”

मी बघितलं. पदर उजव्या खांद्यावर! त्याला आत वळवताना शेजारी उभ्या बहिणीचा पदर मी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर नेला होता. एका पानावर डावा, पुढच्या पानावर उजवा. मामाचं घड्याळ उजव्या हातात. आणि त्याचा तीळ… जिकडं-तिकडं उजव्या गालावर. मी ज्याला जीव लावला, तो माणूस मीच उलटा केलेला होता.

“आता?” मी विचारलं. आवाज रडवेला झाला होता.

“आता काय. सुलटं करायचं.” तो खुर्ची ओढून बसला. “भांडायचं ऱ्हायलंच. तुम्ही तोंड असं केलासा, की कुणाचं भांडायचं धाडस हुईल?”

श्रावण संपत आला होता. दर रविवारी तो यायला लागला, एसटीनं, जयसिंगपूर-हातकणंगले करत. कोण कुणाचं कोण, कुणाला कुठली खिडकी, हे सांगायला. तो पाटबंधारे खात्यात होता, कृष्णेच्या पाण्याची पातळी बघायचं काम. त्यामुळं असेल, पण त्याला कशाची घाई नसायची.

“ह्या मामाला गोलात घालू नका.”

“का?”

“फेटा कापला जातोय. फेट्यासाठी दोनदा सांगलीला गेलता त्यो.”

“बरं, चौकोनात घालतो. आणि ही आत्या?”

“मोठ्या खिडकीत.”

“हिचा डोळा मिटलाय की.”

“मिटू दे. लहान केलासा तर उघडंल, मग आमचं काय खरं न्हाय.”

मी हसायचे. हो, आणि ‘मी घालतो’च म्हणायचे. आमच्या कोल्हापुरात पोरी ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात, त्यावर हसायचं काम नाही. खिडकीबाहेर पावसाची भुरभुर असायची, खालून भडंगाचा खमंग वास वर यायचा, आणि स्क्रीनच्या उजेडात त्याचा डावा गाल… खरा डावा गाल. त्याचा शर्ट धुतलेल्या साबणाचा वास मला पाठ झाला होता. एकदा धीर करून विचारलंच.

“एक सांगाल? तुम्ही सगळ्या फोटोत डावीकडं कुणाकडं बघताय?”

तो जरा लाजला. माझा जीव टांगणीला.

“हसणार न्हाय न्हवं?”

“न्हाय.”

“तिकडं जनरेटर होता.”

“…काय?”

“लाईट गेलती. डिझेल संपत आलतं, आणि आणायला गेलेला गडी यायलाच तयार न्हाय. कधी बंद पडतोय, कधी बंद पडतोय… माझा सगळा जीव त्यात. ताईचं लग्न मी बघितलंच न्हाय बघा. आता तुमच्याकडं बसून बघतोय.”

मी हसले, इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. ज्या मुलीचा मी इतके दिवस मत्सर केला, ती डिझेलवर चालत होती!

“तुम्हाला काय वाटलं कोण होतं?” त्यानं हळूच विचारलं.

“मला काय वाटायचंय? मी आपली पानं लावतो.”

“तरी पण…”

“तरी पण काय न्हाय. ही आजी कुणाची, सांगा.”

मग नदी चढली. रविवार आला आणि तो आला नाही. दुपारी स्टुडिओचा फोन वाजला.

“पाणी वाढाय लागलंय. ह्या येळंला येणं जमायचं न्हाय.” मागं वारा घोंगावत होता, आणि त्याच्या खाली आणखी एक जाडसर आवाज… नदीचा असेल.

“घरात न्हाय ना आलं?”

“न्हाय, लांब हाय.” जरा थांबून म्हणाला, “विचारलासा, बरं वाटलं.”

फोन ठेवला तरी तो आवाज कानात राहिला. त्या आठवड्यात मी बातम्यांत कृष्णेची पातळी ऐकायचे. बाबा म्हणायचे, “तुला कधीपास्नं नदीचं एवढं?” मी म्हणायचे, “असंच.” आणि आत जाऊन आरशात बघायचे. मला तो आवडत होता. नुसता आवडत नव्हता… रविवार सोडून बाकीचे वार कशाला असतात, असं मला वाटू लागलं होतं.

पाणी उतरलं आणि तो आला. चपलांना चिखल, हातात शिरोळजवळच्या वाडीच्या कवठाच्या बर्फीचा पुडा. “दादांसाठी,” म्हणाला, आणि माझ्या टेबलावर ठेवला. पण त्या दिवशी तो नीट बोलेना. दोनदा घसा खाकरला. मग खिशातून कागदाचा कपटा काढून माझ्यापुढं सरकवला. वर एका फोटोचा नंबर लिहिला होता.

“हा फोटो उघडा जरा.”

मी उघडला. बहिणीशेजारी उभी एक मुलगी. गोड चेहऱ्याची, मोरपंखी साडीतली.

“ही प्रीती. इचलकरंजीची. आईनं सांगितलंय…” तो भिंतीकडं बघत होता. “एका पानावर ही आणि मी. दोघंच. शेजारी शेजारी.”

ह्याचा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. लग्नाचा अल्बम नुसता आठवणींसाठी नसतोच मुळी. तो वर्षभर घराघरांत फिरतो. मांडीवर घेऊन आत्या-माम्या एकेक पान उलटतात आणि बोट ठेवतात, “ही कुणाची गं? ह्याला शोभंल की!” अर्धी स्थळं अशी अल्बमातून जमतात. आणि दोघं एकाच पानावर असली, म्हणजे तर घरच्यांनी होकाराचा निरोपच धाडल्यासारखा. ते पान छापलं, की तो माझ्या हातून गेला. आणि छापणार होते मी.

“करतो,” मी म्हणाले. “दोन बदामांचं पान हाय तयार. त्यात घालतो.”

“तुम्हाला… बरं वाटंल तसं करा.”

“मला बरं वाटायचा काय संबंध?” मी ताडकन म्हणाले. “तुमचा अल्बम, तुमची आई, तुमची प्रीती!”

तो उठला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दादा चहा घेऊन आले. तो चहा न घेताच गेला. बर्फीचा पुडा तसाच राहिला. मी दिवसभर त्याला हात लावला नाही, आणि संध्याकाळी रागानं चार तुकडे खाल्ले.

पान लावलं. आणि खरं सांगते, इतकं सहज बसलेलं पान मी कधी बघितलं नव्हतं. प्रीती डाव्या बदामात, समोर बघत हसणारी. तो उजव्या बदामात, डावीकडं बघणारा. काही उलटं करावं लागलं नाही, काही कापावं लागलं नाही. तो नेमका तिच्याकडंच बघत होता… असा, की जणू तिच्यात त्याचा सगळा जीव. पाहुणेमंडळी बघतील आणि म्हणतील, काय जोडा आहे! मला कितीदा वाटलं, चुकून पुसलं गेलं म्हणावं. फाइल बिघडली म्हणावं. पण कुणाच्या लग्नाचं काम बिघडवणं माझ्या हाताला जमेना.

पुढच्या रविवारी त्याच्याबरोबर त्याची आई आली. सोनूबाई. कुंकवाविना मोकळं कपाळ, काठाची पांढरीशुभ्र साडी, आवाज असा की खालचा भडंगवाला वर बघेल.

“हीच व्हय ती पोरगी, पदर फिरवणारी?”

मी मान खाली घातली. प्रसेनजीत तिच्यामागं उभा होता, झोप न झाल्यासारखा. आमची नजर भेटली आणि दोघांनीही लगेच वळवली.

सोनूबाई खुर्चीत ठाण मांडून बसल्या. एकेक पान बघत गेल्या. फेटा बघून खूश झाल्या, आत्याचा मिटलेला डोळा बघून आणखी खूश झाल्या. “झ्याक केलंस की गं! ताई कशी उठून दिसतीया. आमच्या पुतणीच्या अल्बमात साडीच गावंना.” मग शेवटचं पान आलं.

दोन बदाम.

“बघ बघ!” त्यांनी पोराच्या दंडाला चिमटा काढला. “कसा बघतोय तिच्याकडं! आणि घरात म्हणतोय, मला न्हाय माहीत. पोरी, तू सांग. कसा हाय जोडा?”

कसा आहे म्हणू? छान आहे म्हटलं असतं, तर काम संपलं असतं. प्रिंटला गेलं असतं. मी छान म्हणायला तोंड उघडलं…

“ते तिच्याकडं बघत न्हाईत, काकू,” मी म्हणाले. “जनरेटरकडं बघत्यात.”

“काय?”

“डिझेल संपत आलतं.”

सोनूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “म्हंजे पान चांगलं न्हाय झालं?”

“चांगलं झालंय. लई चांगलं झालंय.” माझा आवाज फाटला. “पण मला ते बघवत न्हाय. तुम्ही म्हणालासा तर छापतो मी. पण कसं हाय म्हणून मला विचारू नका.”

पलीकडं दादांचा पेपर खाली आला. माझे कान तापले होते. वाटलं, आता ह्या उठतील, चार गोष्टी सुनावतील, आणि तो त्यांच्यामागं जिना उतरून जाईल, कायमचा.

“तू कुणाची गं?” सोनूबाईंनी विचारलं.

“विशाखा. सिद्धार्थनगरात राहतो आम्ही. बाबा एसटीच्या वर्कशॉपला हाईत.”

“हं.” त्या मुलाकडं वळल्या. “आणि तू का गप हैस रं?”

“आई, मी बोलणारच होतो…”

“कवा? हिच्या लग्नात जेवताना?”

“प्रीतीला अजून शिकायचंय. तिनं मला ताईच्या लग्नातच सांगितलं, माझं नाव कुठं घेऊ नका म्हणून. आणि मला…” त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. “मला दर ऐतवारी कोल्हापूरला यायचं असतंय. अल्बम एका दिवसात झाला असता, आई. मीच लांबवला. आत्याचा फोटो मी तीनदा बदलून घेतला.”

तीनदा! आणि मी समजत होते, ह्यांच्यातली आत्याच भारी कटकटी आहे.

सोनूबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग मोठा सुस्कारा टाकला. “तरीच! नदीला पूर आला तरी ह्याचं ध्यान कोल्हापूरच्या गाडीकडं. मी म्हटलं, पोराला झालंय तरी काय… पुढच्या ऐतवारी आम्ही तुझ्या बाबांना भेटाय येतो. नाश्त्याला पोहे नकोत, मला पित्त हुतं. आणि ती प्रीतीही सुटली, चांगलं झालं. काढ त्ये पान आधी.”

मी पानावर माउस नेला. बटण दाबलं. स्क्रीनवर चौकट उघडली.

“आता काय म्हणतंय त्ये?” सोनूबाई पुढं वाकल्या.

“विचारतंय, नक्की ना? एकदा गेलं की परत येणार न्हाय.”

“मग सांग की त्याला.”

प्रसेनजीत माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला, वाकला, स्क्रीन बघायचं निमित्त करून. त्याचा श्वास माझ्या कानाशी आला.

“आणि मी विचारलं तर?” अगदी हळू आवाजात तो म्हणाला. “शिरोळला येशील?”

पहिल्यांदाच ‘तू’. मला समोरची अक्षरं दिसेनाशी झाली.

“अगं सांग की लवकर!” सोनूबाई कडाडल्या.

“व्हय!” मी म्हणाले. चांगली मोठ्यानं म्हणाले, आणि बटण दाबलं.

सोनूबाई दचकल्या. “एवढ्यांदा कशाला वरडतीस? त्या डबड्याला काय ऐकू येतंय व्हय?”

“आलं,” प्रसेनजीत म्हणाला. “ऐकू आलं.”